न पेटवता पेटणारा कोळसा

प्रास्ताविक

आग लागण्यासाठी कोणीतरी काडी ओढावी लागते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दगडी कोळशाच्या बाबतीत मात्र ती खरी ठरत नाही. वखारीत, जहाजात, वीजकेंद्राच्या आवारात किंवा खाणीच्या पोटात साठलेला कोळसा कोणीही न पेटवता आतल्या आत तापतो आणि एक दिवस पेट घेतो. हे का घडते आणि कोळशाच्या कणांच्या आकाराचा त्याच्याशी काय संबंध आहे, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर विद्यार्थ्याला :
• कोळशाचे मंद ऑक्सिडीकरण म्हणजे काय, ते सांगता येईल.
• कणांचा आकार आणि पृष्ठफळ यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• कोळशाचा साठा करताना घ्यावयाची काळजी कारणांसह सांगता येईल.

डमडमच्या गल्लीतील गुल

कोलकाता शहराच्या उत्तरेस डमडम हा दाट वस्तीचा भाग आहे. आज तो विमानतळामुळे आणि मेट्रो रेल्वेमुळे सर्वांना परिचित आहे. गॅसच्या शेगड्या घरोघरी येण्यापूर्वी मात्र कोलकात्याच्या इतर वस्त्यांप्रमाणे येथेही स्वयंपाक दगडी कोळशावर होत असे. हिवाळ्याच्या संध्याकाळी मातीने लिंपलेल्या शेगड्या एकाच वेळी पेटत आणि त्यांचा धूर गल्लीबोळांत साचून राही. या शेगडीला बंगाली भाषेत उनुन म्हणतात.

हा कोळसा मुख्यतः राणीगंज आणि झरिया या भागांतून येत असे. १८५५ मध्ये हावडा ते राणीगंज हा लोहमार्ग सुरू झाला आणि कोळसा कोलकात्याला आणणे सोपे झाले. खाणीतून निघताना कोळशाची मोठमोठी ढेकळे असतात. परंतु डब्यात भरताना, उतरवताना, गाडीवर लादताना आणि वखारीत ओतताना ती फुटत जातात. त्यामुळे शेवटी वखारीत ढेकळांबरोबर बराचसा चुराही जमा होतो.

शेगडीसाठी ढेकळे चांगली, म्हणून त्यांना भाव अधिक. चुरा स्वस्त असला तरी तो तसाच शेगडीत टाकता येत नसे. एक तर तो जाळीतून खाली गळे, आणि जाळीवर साचला तर वाऱ्याची वाट अडवून विस्तवच विझवून टाकी. यावर गृहिणींनी एक उपाय योजला होता. चुऱ्यात माती आणि शेण कालवून त्या हाताने लहान लहान गोळे वळत आणि गच्चीवर किंवा अंगणात उन्हात वाळवत. हे गोळे म्हणजेच गुल. गोळ्यागोळ्यांमधील फटींतून हवा खेळे, आणि जो चुरा विस्तव विझवत होता तोच आता संथपणे जळू लागे.

या साध्या व्यवहारात एक शास्त्रीय तत्त्व दडलेले आहे. कोळसा कसा जळेल हे केवळ कोळशावर अवलंबून नसते. कण किती मोठा आहे आणि दोन कणांमध्ये फट किती आहे, या दोन गोष्टींवरही ते अवलंबून असते. शेगडीत हे तत्त्व अन्न शिजवते. कोळशाच्या मोठ्या ढिगात मात्र हेच तत्त्व आग लावू शकते.

ज्वाळेवाचून जळणे

लोखंड हवेत उघडे राहिले की गंजते. कापलेले सफरचंद थोड्याच वेळात तपकिरी पडते. या दोन्ही क्रियांमध्ये हवेतील ऑक्सिजनचा पदार्थाशी संयोग होतो. या संयोगाला ऑक्सिडीकरण म्हणतात. लाकूड किंवा कोळसा जळणे हेही ऑक्सिडीकरणच होय. फरक एवढाच, की ते वेगाने होते आणि त्यात ज्वाळा दिसते.

कोळशाचे ऑक्सिडीकरण सुरू होण्यासाठी विस्तवाची गरज नसते. खाणीतून बाहेर पडून हवेला भिडताच, नेहमीच्या तापमानाला ते सुरू होते. प्रथम ऑक्सिजनचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटतात. त्यानंतर कोळशातील कार्बन व हायड्रोजन यांच्याशी त्यांचा रासायनिक संयोग होऊन काही अस्थिर संयुगे तयार होतात. पुढे या संयुगांचे विघटन होते आणि कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड व पाण्याची वाफ बाहेर पडते. या सर्व क्रियेत थोडीथोडी उष्णता निर्माण होत असते.

ही उष्णता इतकी अल्प असते, की मोकळ्या जागी पडलेल्या कोळशाला तिचा काहीच उपद्रव होत नाही. वारा ती वाहून नेतो आणि कोळसा थंडच राहतो. पुढे पृष्ठभागाची ऑक्सिजन धरण्याची भूकही मंदावते. म्हणूनच नुकताच फुटलेला ताजा कोळसा सर्वांत अधिक क्रियाशील असतो, तर बरेच दिवस हवेत पडलेला कोळसा तुलनेने शांत असतो.

अडचण निर्माण होते ती उष्णता बाहेर पडू शकली नाही तर. कोळसा हा उष्णतेचा मंद वाहक आहे. मोठ्या ढिगाच्या आत निर्माण झालेली उष्णता सहजासहजी बाहेर येत नाही. ती तेथेच साठते आणि तापमान वाढते. रासायनिक क्रियांबाबत एक ढोबळ नियम सांगितला जातो, की तापमान १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. ३० अंश सेल्सिअसला असलेला कोळसा ७० अंशांपर्यंत पोहोचला तर चार वेळा दुप्पट, म्हणजे सुमारे सोळापट वेग होतो. वेग वाढला की उष्णता वाढते, आणि उष्णता वाढली की वेग आणखी वाढतो. कर्जाच्या चक्रवाढ व्याजासारखाच हा प्रकार आहे. आरंभी वाढ लक्षातही येत नाही. लक्षात येते तेव्हा ती आटोक्याबाहेर जाऊ पाहत असते. अशा प्रकारे बाहेरील विस्तवावाचून कोळसा तापण्याच्या क्रियेला स्वयंतापन, आणि अखेरीस त्याने पेट घेण्याला स्वयंज्वलन असे म्हणतात.

एका ढेकळाचे हजार तुकडे

ऑक्सिजन कोळशाला भेटतो तो पृष्ठभागावर. म्हणून पृष्ठभाग जितका अधिक, तितकी क्रिया अधिक. एक साधा हिशेब करून पाहिला म्हणजे ही गोष्ट ध्यानात येते.

लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १ मीटर असलेला कोळशाचा एक ठोकळा कल्पनेने समोर ठेवावा. त्याला सहा बाजू आहेत आणि प्रत्येक बाजूचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर आहे. म्हणजे त्याचे एकूण पृष्ठफळ ६ चौरस मीटर झाले. आता हा ठोकळा कापून १० सेंटिमीटर बाजूचे लहान ठोकळे केले, तर १,००० ठोकळे होतील आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ ६० चौरस मीटर भरेल. १ सेंटिमीटर बाजूचे तुकडे केले तर पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होईल. १ मिलिमीटर बाजूचे कण केले तर ते ६,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे दीड एकर होईल. कोळसा तोच, वजनही तेच. परंतु जो ठोकळा एका लहान खोलीच्या जमिनीएवढाही पृष्ठभाग हवेला देत नव्हता, तो आता दीड एकर रानाएवढा पृष्ठभाग उघडा करून बसतो. कणाची बाजू दहापट लहान केली की एकूण पृष्ठफळ दहापट वाढते, हा यातील नियम आहे.

याचा अनुभव रोजच्या व्यवहारातही येतो. खडीसाखरेचा खडा दुधात विरघळायला वेळ लागतो, पिठीसाखर क्षणात विरघळते. चूल पेटवताना प्रथम ओंडका न ठेवता ढलप्या आणि काटक्या ठेवतात. औष्णिक वीजकेंद्रात कोळसा भट्टीत सोडण्यापूर्वी तो पिठासारखा दळतात, तो याच कारणासाठी. तेथे हवी असलेली घाई कोळशाच्या साठ्यात मात्र घातक ठरते.

कोळशाच्या आतील गल्ल्या

वरील हिशेबावरून असे वाटेल, की कण जितका बारीक करावा तितका ऑक्सिडीकरणाचा वेग अमर्याद वाढत जाईल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. याचे कारण कोळशाच्या रचनेत आहे.

कोळसा दिसतो घट्ट, पण असतो सच्छिद्र. त्याच्या आत डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म छिद्रांचे जाळे असते. या छिद्रांच्या भिंतींचे पृष्ठफळ बाहेरून दिसणाऱ्या पृष्ठफळाच्या कितीतरी पट असते. जुन्या वस्तीतील घर जसे दारापुरते नसून आत अरुंद बोळ, चौक आणि खोल्या असतात, तसाच हा प्रकार आहे. ऑक्सिजनला या बोळांतून आत शिरावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.

ढेकूळ मोठे असेल तर ऑक्सिजन बाहेरच्या थरातच खर्च होतो. गाभ्यापर्यंत तो फारसा पोहोचत नाही. अशा ढेकळाचा केवळ बाहेरचा थर क्रियेत भाग घेतो आणि गाभा जवळजवळ अलिप्त राहतो. ढेकूळ फोडले की गाभ्याकडे जाणारी वाट जवळची होते आणि अधिक भाग कामाला लागतो. कण पुरेसा लहान झाला, की ऑक्सिजन त्याच्या सर्व भागांत सहज पोहोचतो. त्यानंतर कण आणखी बारीक केला तरी वेगात विशेष भर पडत नाही, कारण जेवढा पृष्ठभाग उघडा व्हावयाचा तो झालेलाच असतो. ही मर्यादा प्रत्येक कोळशासाठी सारखी नसते. कोळशाच्या जातीनुसार आणि त्यातील छिद्रांच्या रचनेनुसार ती बदलते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की ढेकळांपासून चुऱ्यापर्यंतच्या टप्प्यात कण लहान होणे म्हणजे ऑक्सिडीकरणाचा वेग वाढणे. दुसरी अशी, की एका मर्यादेनंतर कणाच्या आकारापेक्षा कोळशाची जात महत्त्वाची ठरते. कमी प्रतीचा, अधिक ओलावा धरणारा लिग्नाइट लवकर तापतो. बिट्युमिनस कोळसा त्याहून कमी आणि अँथ्रासाइट सर्वांत कमी. कोळशात पायराइट नावाचे लोह व गंधकाचे खनिज असेल तर धोका वाढतो. ओलसर हवेत पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन उष्णता निर्माण होते. शिवाय ते फुगते आणि भोवतालच्या कोळशाला तडे पाडते. म्हणजे कोळसा आपला चुरा आपणच करू लागतो.

निरनिराळ्या खाणींतील कोळसा किती लवकर तापतो, याची तुलना प्रयोगशाळेत केली जाते. कोळशाची पूड एका नळीत भरून नळी भट्टीत ठेवतात, तीमधून ऑक्सिजन सोडतात आणि भट्टीचे तापमान एकसारखे वाढवत नेतात. आरंभी कोळसा भट्टीपेक्षा थंड असतो. एका क्षणी त्याचे तापमान भट्टीच्या तापमानाची बरोबरी करते आणि मग तिच्याही पुढे जाते. ज्या तापमानाला हे घडते त्याला छेदन तापमान म्हणता येईल. भारतात रूढ असलेल्या वर्गीकरणानुसार ते १२० ते १४० अंश सेल्सिअस असेल तर कोळसा स्वयंतापनास अतिशय अनुकूल, १४० ते १६० अंश असेल तर मध्यम आणि १६० अंशांहून अधिक असेल तर कमी अनुकूल समजला जातो. या चाचणीसाठी प्रत्येक नमुना दळून एकाच ठरावीक चाळणीतून गाळून घ्यावा लागतो. कारण कण लहान-मोठे असतील तर फरक कोळशाचा आहे की कणांचा, हे सांगता येणार नाही.

ढिगाचे कोडे

आतापर्यंत विचार झाला तो एकट्या कणाचा. आग मात्र कणाला लागत नाही. ती ढिगाला लागते. ढिगाचा विचार करताना एक कोडे समोर येते.

केवळ चुरा घट्ट दाबून रचला, तर त्याचे पृष्ठफळ प्रचंड असूनही तो सहसा पेटत नाही. कणांमधील फटी इतक्या अरुंद असतात, की हवा आत शिरतच नाही. आत अडकलेला ऑक्सिजन संपला की क्रिया मंदावते. उलट, केवळ मोठ्या ढेकळांचा ढीग रचला, तर त्यातून वारा मोकळेपणाने वाहतो. ऑक्सिजन भरपूर मिळतो, परंतु पृष्ठफळ कमी असल्याने उष्णता थोडीच निर्माण होते आणि ती वाऱ्याबरोबर निघून जाते. म्हणजे चुरा पेटत नाही हवेअभावी, आणि ढेकळे पेटत नाहीत ती हवेच्या मुबलकतेमुळे.

सर्वांत धोकादायक ठरतो तो दोहोंचे मिश्रण असलेला सैल ढीग. त्यात ढेकळांच्या फटींतून हवा आत येते आणि चुऱ्याला ऑक्सिजन पुरवते. मात्र उष्णता वाहून नेण्याइतका तिचा झोत जोरदार नसतो. हवा क्रियेला पुरेल इतकी आणि थंडाव्याला अपुरी, अशी ही अवस्था असते.

दुर्दैवाने कोळसा उंचावरून ओतला की अशी अवस्था आपोआप तयार होते. मोठी ढेकळे गडगडत ढिगाच्या पायथ्याशी जातात आणि चुरा मध्यभागी व वरच्या बाजूस राहतो. पायथ्याच्या ढेकळांमधून हवा आत शिरते, तापून हलकी होते आणि चुऱ्याकडे वर चढू लागते. ढिगाचे जणू धुराडेच बनते. म्हणून तापलेली जागा बहुधा ढिगाच्या अगदी गाभ्यात सापडत नाही. वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर, पृष्ठभागापासून थोड्या आत सापडते.

ही गोष्ट मानवाला मोठी किंमत देऊन कळली. एकोणिसाव्या शतकात कोळसा घेऊन दूरवर जाणाऱ्या अनेक जहाजांना समुद्रात आगी लागत. त्यांची कारणे शोधण्यासाठी ब्रिटनमध्ये एक शाही आयोग नेमला गेला आणि १८७६ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. खाणीपासून जहाजापर्यंत नेताना कोळसा फुटणे, पायराइट असलेला कोळसा ओला भरणे आणि मालाच्या आतून हवा खेळवणे या गोष्टी स्वयंज्वलनास साहाय्यक ठरतात, असे त्यात म्हटले होते. हवा खेळवल्याने कोळसा थंड राहील, अशी तोपर्यंत अनेकांची समजूत होती. त्या काळातील एका घटनेने ती खोटी ठरवली. न्यूकॅसलला चार जहाजांत एकाच वेळी सारखाच कोळसा भरला गेला. एडनकडे निघालेल्या तीन जहाजांत हवा खेळती ठेवण्याची उत्तम सोय होती; मुंबईकडे निघालेल्या चौथ्या जहाजात ती नव्हती. पहिली तीन जहाजे आगीत नष्ट झाली आणि चौथे मुंबईला सुखरूप पोहोचले. हवेचा तो मंद प्रवाह कोळशाला थंड करण्याऐवजी आगीला खाद्य पुरवत होता. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापलेला कोळसा जहाजात भरता येत नाही, आणि प्रवासात कार्बन मोनॉक्साइडच्या प्रमाणावर लक्ष ठेवावे लागते.

जमिनीखालची आग

डमडमच्या शेगड्यांना कोळसा पुरवणाऱ्या झरियाच्या पट्ट्यात हा प्रश्न सर्वांत उग्र रूपात दिसतो. आज झारखंड राज्यात असलेल्या या पट्ट्यातील भौरा येथे १९१६ मध्ये पहिल्या आगीची नोंद झाली. त्यानंतर एकामागून एक आगी लागत गेल्या आणि त्यांपैकी काही अजूनही धुमसत आहेत. शंभर वर्षांहून अधिक काळ ही आग जमिनीखाली जिवंत आहे.

या आगींचे मूळही फुटलेल्या कोळशात आहे. भूमिगत खाणीत छत तोलून धरण्यासाठी कोळशाचेच खांब मागे ठेवले जातात. वरच्या खडकाच्या भाराने हे खांब कालांतराने चिरडतात आणि त्यांचा चुरा होतो. काढून घेतलेल्या भागात उरलेला कोळसाही तसाच पडून राहतो. पुढे छत खचले की जमिनीला भेगा पडतात आणि त्यांतून हवा आत शिरते. चुरा, मंद हवा आणि बाहेर पडू न शकणारी उष्णता या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र येतात. काही ठिकाणी खाणी उघड्यावर सोडून दिल्यामुळे ही वाट अधिकच मोकळी झाली.

या आगीत जळतो तो केवळ कोळसा नव्हे. जमीन खचते, भिंतींना तडे जातात, भेगांतून विषारी वायू बाहेर पडतात आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या वस्त्यांना जागा सोडावी लागते. झरिया आणि राणीगंज येथील आगी विझवणे व रहिवाशांचे पुनर्वसन करणे यांसाठी केंद्र सरकारने २००९ मध्ये एक बृहद् आराखडा मंजूर केला. झरियासाठीच्या सुधारित आराखड्याला २०२५ मध्ये मंजुरी देण्यात आली. आग लागू न देणे जितके सोपे आहे, तितकेच लागलेली आग विझवणे कठीण आहे, हे यावरून दिसून येते.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी आहेत, आणि चंद्रपूरचे मोठे औष्णिक वीजकेंद्र कोळशावरच चालते. वर्धा खोऱ्यातील कोळशात ओलावा पुष्कळ असतो आणि तो स्वयंतापनास अनुकूल असतो. त्यामुळे येथील खाणींत आणि साठ्यांच्या जागी सदैव दक्षता बाळगावी लागते. भूमिगत खाणीचे लहान लहान विभाग पाडतात. कोळसा तापण्यास जितका काळ लागतो, त्याच्या आत विभागातील काम संपवून तो भिंती बांधून बंद करतात, म्हणजे मागे राहिलेल्या चुऱ्याला हवा मिळत नाही.

घ्यावयाची काळजी

कोळशाचा साठा लहान वखारीतील असो वा वीजकेंद्रातील, तत्त्व एकच आहे. चुऱ्याला हवा मिळू द्यावयाची नाही, आणि जेथे हवा मिळणारच तेथे उष्णता साठू द्यावयाची नाही.

१. कोळसा फार उंचावरून ओतू नये. त्यामुळे तो फुटतो आणि ढेकळे व चुरा वेगवेगळे होतात.

२. मोठा साठा थराथरांनी रचावा आणि प्रत्येक थर दाबून घट्ट करावा. वीजकेंद्रांत यासाठी अवजड यंत्रे ढिगावरून फिरवतात. उतारही दाबून घ्यावेत, कारण हवा तेथूनच शिरते.

३. ढिगाची उंची मर्यादित ठेवावी. ढीग जितका उंच, तितकी आतील उष्णता बाहेर पडणे कठीण.

४. आधी आलेला कोळसा आधी वापरावा. जुना कोळसा ढिगाच्या तळाशी महिनोन्‌महिने पडून राहू देऊ नये.

५. ढिगात लाकडाचे तुकडे, चिंध्या, कागद किंवा पालापाचोळा मिसळू देऊ नये. वाफेच्या नळ्या, भट्टीच्या भिंती अशा उष्ण वस्तूंजवळ कोळसा रचू नये.

६. ढिगावर नियमित लक्ष ठेवावे. सकाळच्या थंड हवेत एखाद्या जागेतून वाफ निघणे, पृष्ठभाग एका ठिकाणी ओलसर दिसणे किंवा रॉकेलसारखा वास येणे ही आतील उष्णतेची लक्षणे आहेत. ढिगात लोखंडी सळई खुपसून काही वेळाने ती हाताला कितपत गरम लागते, हे पाहण्याची रीतही प्रचलित आहे.

ढीग तापल्याचे आढळल्यास वरून थोडे पाणी शिंपडणे हा उपाय नव्हे. ते पाणी आत पोहोचतच नाही. उलट चुरा वाहून गेल्याने हवेला नव्या वाटा मिळतात. कोळसा लाल झालेला असेल तर पाण्याची वाफ होऊन तिच्यापासून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड हे ज्वालाग्राही वायू तयार होऊ शकतात. जाणकारांच्या देखरेखीखाली तापलेला भाग खणून बाहेर काढावा, पातळ थरात पसरून थंड होऊ द्यावा आणि तो कोळसा प्रथम वापरून टाकावा.

कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन असून अत्यंत विषारी आहे. तापलेल्या ढिगातून जसा तो बाहेर पडतो, तसाच अर्धवट जळणाऱ्या शेगडीतूनही पडतो. थंडीच्या दिवसांत कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दारे-खिडक्या बंद करून झोपणे प्राणघातक ठरते. तसेच कोळसा साठवलेल्या बंद खोलीत किंवा जहाजाच्या तळघरात हवेची तपासणी केल्याखेरीज शिरू नये. तेथील ऑक्सिजन कोळशाने आधीच शोषून घेतलेला असू शकतो.

समारोप

मंद ऑक्सिडीकरणाने प्रत्येक वेळी आग लागतेच असे नाही. परंतु आग लागली नाही तरी कोळशाची उष्णता देण्याची शक्ती हळूहळू कमी होत जाते आणि नुकसान होतेच. हे नुकसान पूर्णपणे थांबवता येत नाही. पण कणांचा आकार आणि हवेची वाट यांवर लक्ष ठेवले तर ते पुष्कळ कमी करता येते.

डमडमच्या गृहिणीने चुऱ्याचे गोळे वळून हवेला वाट करून दिली, कारण तिला विस्तव हवा होता. वखारीतील कामगार कोळसा दाबून हवेची वाट बंद करतो, कारण त्याला विस्तव नको असतो. दोघांची कृती परस्परविरुद्ध दिसते, परंतु तिच्यामागील ज्ञान एकच आहे. कोळशाचा कण आणि दोन कणांमधील फट यांचे नाते ज्याला उमगले, त्याला कोळसा वापरता येतो आणि सांभाळताही येतो.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) चुरा तसाच शेगडीत का टाकता येत नसे?
(आ) ताजा फुटलेला कोळसा अधिक क्रियाशील का असतो?
(इ) ऑक्सिडीकरणाचा वेग कण बारीक होण्याबरोबर अमर्याद का वाढत नाही?

२. कारणे द्या.
(अ) ढेकळे आणि चुरा यांचे सैल मिश्रण सर्वांत धोकादायक असते.
(आ) तापलेल्या ढिगावर वरून थोडे पाणी शिंपडू नये.
(इ) खाणीतील काम संपलेला विभाग भिंती बांधून बंद करतात.

३. १ मीटर बाजूच्या ठोकळ्याचे २० सेंटिमीटर बाजूचे ठोकळे केले, तर किती ठोकळे होतील व त्यांचे एकूण पृष्ठफळ किती असेल?

४. कृती : सारख्या वजनाची खडीसाखर आणि पिठीसाखर घ्या. दोन पेल्यांत सारखे पाणी घेऊन त्यांत त्या विरघळवा. लागलेला वेळ लिहून ठेवा आणि त्यावरून पृष्ठफळाविषयी काय सांगता येते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.